नाव एक, माल तीन : सावलीतल्या जमिनीसाठी सदाबहार झाडे

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांच्या आवारात एक तरी मोठे झाड असते. कोणाच्या यंत्रमागाच्या शेडसमोर कडुनिंब, कोणाच्या वखारीत चिंच, कोणाच्या घरामागे आंबा किंवा फणस. झाडाची सावली सर्वांनाच हवी असते, पण सावलीखालच्या जमिनीकडे कोणी पाहत नाही. तिथे गवत धरत नाही, फुलझाडे जगत नाहीत. उन्हाळ्यात त्या जमिनीची धूळ उडते आणि पावसाळ्यात तिचाच चिखल होतो.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु ज्यांचा माल पांढरा किंवा फिकट रंगाचा आहे, त्यांनी थोडा विचार करावा. धुळीचा थर बसलेला तागा गिऱ्हाईक उलगडून पाहतो आणि भाव पाडून मागतो. चिखलाचे पाय गोदामात आले की खालच्या गाठी डागाळतात. हे नुकसान कोणाच्या वहीत लिहिलेले नसते, पण दर वर्षी होते आणि नफ्यातूनच जाते.

यावर लोक सरळ कोबा करून घेतात. कोब्यामुळे धूळ थांबते हे खरे, परंतु पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही, झाड हळूहळू खंगते आणि काही वर्षांत मुळे कोबा उचलून फोडतात. म्हणजे झाडही गेले आणि कोबाही गेला. दुसरा उपाय स्वस्त आहे व टिकाऊ आहे. सावलीत जगणारी, जमिनीलगत पसरणारी आणि बारा महिने हिरवी राहणारी झाडे लावून जमीन झाकून टाकणे. नर्सरीवाले यांना ‘ग्राउंड कव्हर’ म्हणतात. आजच्या लेखात या मालाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या बाजारात नावावर माल घेणारा फसतो आणि झाड ओळखून माल घेणारा टिकतो.

विलायतेतील सावलीची चादर

सावलीतल्या जमिनीसाठी युरोप व अमेरिकेच्या बागांत सर्वांत जास्त नाव घेतले जाते ते ‘पेरीविंकल’चे. त्याचे शास्त्रीय नाव विन्का मायनर. ते मूळचे मध्य व दक्षिण युरोपातले आणि तिथून पूर्वेला कॉकेशसपर्यंतच्या मुलखातले आहे. कण्हेर, तगर आणि चाफा ज्या कुळातले, त्याच कुळातले हेही झाड. शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली त्याची या नावाने नोंद केली.

हे झाड उभे वाढत नाही. जमिनीपासून त्याची उंची फार तर वीतभर. त्याचे बारीक दांडे जमिनीवर लांब पसरतात आणि जिथे जिथे पेरे मातीला टेकते तिथे मूळ धरते. एका रोपातून असे दांडे चोहोकडे निघतात, त्यांना पुन्हा दांडे फुटतात आणि दोन-तीन वर्षांत जमिनीवर गर्द हिरवी चादर तयार होते. पाने लहान, जाड आणि चकचकीत असतात. ती थंडीतही झडत नाहीत. वसंत ऋतूत जांभळट निळी फुले येतात. झाडाखालची विरळ सावली त्याला मानवते. उणे ३० अंश सेल्सियसच्या आसपासची थंडीही ते सोसते.

तिकडचे लोक ते लावताना एक ते दीड फूट अंतर ठेवतात. लवकर झाकण हवे असेल तर रोपे अर्ध्या फुटावर लावतात. पहिली दोन वर्षे खुरपणी करावी लागते. एकदा चादर जमली की खाली ऊन पोहोचत नाही, म्हणून तण उगवत नाही. उतारावरची माती पावसाने वाहून जात नाही. बागेत हे झाड बी फारसे धरत नाही. मुळासकट तुकडे करून किंवा दांड्यांच्या छाट कलमांनीच त्याची वाढ करतात.

या झाडाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपातून गेलेल्या लोकांनी ते अमेरिकेत नेले. तिथे ते बागेबाहेर पडून जंगलात पसरले आणि रानफुलांच्या रोपांना उगवायला जागा उरली नाही. अमेरिकेच्या जंगलात आजही कुठे कुठे पेरीविंकलचा पट्टा दिसतो आणि जाणकार ओळखतात की इथे कधी काळी घर होते किंवा जुने कब्रस्तान होते. घर पडले, दगड मातीत गेले, लावणाऱ्याचे नाव कोणाला माहीत नाही, पण चादर अजून हिरवी आहे. तेव्हा जमीन झाकणारे झाड निवडताना ते पसरते किती आणि थांबते कुठे, हे आधी विचारावे.

नावाचा घोळ

आता आपल्या बाजाराकडे येऊ. आपल्याकडील नर्सरीत जाऊन ‘विन्का द्या’ म्हटले तर बहुतेक ठिकाणी सदाफुलीची पिशवी हातात पडते. बियांच्या पाकिटांवरही सदाफुलीचे चित्र असते आणि नाव ‘विन्का’ असते. यात नर्सरीवाल्याची लबाडी नाही. घोळ जुना आहे.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. लिनियसने १७५९ साली तिचेही नाव विन्का याच जातीत घातले आणि तिला विन्का रोझिया म्हटले. पुढे १८३७ साली जॉर्ज डॉन या शास्त्रज्ञाने तिला वेगळे काढून कॅथरॅन्थस रोझियस हे नाव दिले. शास्त्राच्या वहीत दुरुस्ती झाली, पण बाजाराच्या वहीत जुनेच नाव चालू राहिले. इंग्रजीत सदाफुलीला ‘मादागास्कर पेरीविंकल’ म्हणतात, म्हणजे तिथेही पेरीविंकल हे नाव चिकटलेलेच आहे.

हे नाव किती चिवट आहे पाहा. १९५० च्या दशकात कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बियर हे मधुमेहासाठी सदाफुलीच्या पानांची तपासणी करीत होते. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात असे आढळले. त्यातून कर्करोगावरचे व्हिनब्लास्टिन हे औषध निघाले आणि पुढे अमेरिकेत व्हिनक्रिस्टिनही निघाले. दोन्ही औषधे सदाफुलीची, पण दोन्हींच्या नावात ‘विन्का’चा ‘विन’ आजतागायत बसलेला आहे.

तिसरा माल म्हणजे विन्का मेजर. हा खऱ्या पेरीविंकलचा मोठा भाऊ. पाने मोठी, फूल मोठे, पसरण्याचा जोर जास्त. थंडी मात्र तो धाकट्याइतकी सोसत नाही.

म्हणजे एकाच नावाखाली तीन माल झाले. वाचकांनी ओळख अशी ठेवावी.

विन्का मायनर जमिनीवर आडवा पसरतो. पान लहान, निमुळते, गर्द हिरवे. फूल निळे किंवा जांभळट, आणि पाकळ्यांची टोके पंख्याच्या पात्यांसारखी तिरपी कापलेली. फुलांचा मुख्य बहर वसंतातच.

विन्का मेजर त्याच चालीचा, पण पान रुंद व मोठे. पानाच्या कडेला बारीक लव असते.

सदाफुली उभी वाढते आणि गुडघ्याच्या वरही जाते. पानाच्या मधली शीर फिकट. फूल गुलाबी किंवा पांढरे, बहुधा मध्यभागी वेगळ्या रंगाचा ठिपका. फूल बारा महिने. म्हणूनच मराठीत सदाफुली आणि उर्दू-हिंदीत सदाबहार.

चालीतला फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. खऱ्या पेरीविंकलला थंड हवा आणि सावली पाहिजे. सदाफुलीला कडक ऊन पाहिजे. सदाफुली सावलीत लावली की दांडे लांब व लुळे होतात, फुले कमी येतात, आणि ओल धरून राहणारी माती असेल तर मुळे कुजतात. उलट विन्का मायनर मालेगाव, जळगावच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, जिथे पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे तग धरण्याची आशा करू नये. काश्मीर, हिमाचलसारख्या थंड डोंगराळ मुलखातला तो माल आहे.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

या घोळाची किंमत कोण मोजतो, तेही सांगतो. आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. आधी रंगकाम करीत असे, नंतर बागकामाची छोटी कंत्राटे घेऊ लागला. एका इमारतीच्या उत्तर बाजूची सावलीतली पट्टी त्याला हिरवी करून द्यायची होती. मालकाने परदेशातल्या बागेचे चित्र दाखवले. निळ्या फुलांची चादर, वर मोठी झाडे. तरुणाने कोटेशनवर ‘विन्का’ लिहिले, नर्सरीतून ‘विन्का’ मागवली, बिलावरही ‘विन्का’च आले. लावली तेव्हा पट्टी सुंदर दिसली. पावसाळा संपेपर्यंत अर्धी रोपे सडली आणि उरलेली काठीसारखी लांब झाली. निळे फूल तर एकही नाही. मालकाने उरलेले पैसे रोखले.

नर्सरीवाला म्हणाला, आमच्याकडे विन्का म्हणजे हेच. मालक म्हणाला, मला चित्रातले पाहिजे होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर. नुकसान झाले ते मधल्या माणसाचे, कारण शब्द त्याने दिला होता.

आम्ही कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढली. आमच्या बाजारातही असेच चालते. ‘सिल्क’ या एका शब्दाखाली रेशीमही विकले जाते आणि आर्ट सिल्कही विकले जाते. जाणता व्यापारी लेबल वाचून थांबत नाही. तो सूत काढून जाळून पाहतो, पन्हा मोजतो, तुकडा धुऊन रंग पक्का आहे की नाही ते पाहतो. झाडांचा व्यवहारही याच रीतीने करावा. बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे, फुलासकट नमुना पाहावा, आणि मोठा सौदा करण्याआधी पाच-दहा रोपे त्याच जागेवर एक पावसाळा लावून पाहावीत.

सावलीचेही प्रकार असतात

झाड निवडण्याआधी सावली मोजावी. दुपारी १२ च्या सुमारास त्या जागी जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा धरावा. पंजाची सावली स्पष्ट पडली तर ती उन्हाचीच जागा. सावली पडली पण कडा पुसट आल्या तर ती अर्धी सावली. सावली जेमतेमच दिसली तर ती गडद सावली. यासोबत माती ओलसर राहते की कोरडी, हेही पाहावे. या दोन गोष्टी कळल्या की निवड सोपी होते.

आपल्या हवेत पेरीविंकलचे काम करणारी झाडे पुढीलप्रमाणे आहेत.

मंडूकपर्णी. ओलसर, अर्ध्या सावलीच्या जागेसाठी. ही अगदी पेरीविंकलच्या चालीने पसरते. दांडा जमिनीवर धावतो आणि पेऱ्यापेऱ्याला मूळ धरतो. नळाचे स्वच्छ पाणी जिथे झिरपते तिथे ही उत्तम. रंगाच्या हौदाचे किंवा साबणाचे पाणी मात्र नको. इथेही नावाची काळजी घ्यावी. हिला अनेक जण ब्राह्मी म्हणतात आणि बाकोपा नावाच्या दुसऱ्या वनस्पतीलाही ब्राह्मीच म्हणतात. मंडूकपर्णीचे पान गोलसर, वाटीच्या आकाराचे. बाकोपाचे पान लहान, लांबट व मांसल.

पानओवा. अर्ध्या सावलीसाठी आणि कमी पाण्यात. पान जाड व सुवासिक, त्याची भजी होते. जमिनीला टेकलेले दांडे मूळ धरतात. उंची फूट-दीड फूट होते, म्हणून अधूनमधून छाटावे लागते. पाणी साचले की कुजतो.

ट्रॅडेस्कॅन्शिया झेब्रिना. पानावर चंदेरी पट्टे आणि खालून जांभळा रंग. सावलीत झपाट्याने पसरते. कांडी मोडून मातीत टोचली तरी लागते. नव्याने धंदा करणाऱ्याला हिच्याइतके सोपे झाड मिळणे कठीण. चीक अंगाला लागला तर काहींना खाज सुटते, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत.

ओफियोपोगॉन. गवतासारखी गर्द हिरवी बारीक पाती. मूळ देश जपान व चीन. सावलीत बारा महिने एकसारखी राहते. वाढ मात्र अगदी सावकाश. म्हणून रोपे जवळ लावावी लागतात आणि पहिला खर्च जास्त येतो. पण एकदा जमली की देखभाल थोडी.

सिंगोनियम आणि मनी प्लांट. गडद सावलीसाठी. दोन्ही वेल मोकळ्या जमिनीवर सोडले की पसरतात. खोडाला हात लागला की वर चढू लागतात, म्हणून झाडाच्या बुंध्यापासून दूर लावावेत व टोके छाटावीत.

नेचे. नेफ्रोलेपिस जातीचे नेचे कोकणासारख्या दमट हवेत सावलीची जागा छान भरून काढतात. देशावरच्या कोरड्या हवेत त्यांना पाणी जास्त लागते.

वेडेलिया या पिवळ्या फुलाच्या वेलाबद्दल स्पष्ट सांगतो. स्वस्त मिळते, झटपट पसरते आणि अर्ध्या सावलीतही चालते, म्हणून कंत्राटदार ती सर्रास लावतात. परंतु जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे. ओढा, नाला किंवा शेत जवळ असेल तर ती लावू नये. अमेरिकेत पेरीविंकलने जे केले, तेच आपल्या ओढ्याकाठी ही करते.

चिंचेसारख्या झाडाखाली गडद सावली आणि कोरडी माती दोन्ही एकत्र असेल, तर सगळी जमीन हिरवी करण्याचा हट्ट धरू नये. कडेने लावावे आणि बुंध्याजवळ झाडाचाच पाचोळा पसरू द्यावा. तोही धूळ थांबवतो. पण पाचोळ्याचा ढीग गोदामाच्या भिंतीला लागू देऊ नये. कापूस, सूत आणि कापडाच्या शेजारी कोरडा पाला म्हणजे आगीला आमंत्रण.

लावण्याची रीत

सर्वांत चांगली वेळ मृगाच्या पावसानंतरची. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत लावलेली रोपे पावसाच्या पाण्यावर मूळ धरतात आणि ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत सावरतात.

आधी दगड-विटांचे तुकडे आणि तण काढावे. मोठ्या झाडाखाली कुदळ चालवू नये. वरच्या थरातल्या बारीक मुळांवरच झाड जगते, ती तुटली तर सावली देणाराच धोक्यात येतो. खुरप्याने रोपापुरता खड्डा करावा, त्यात ओंजळभर कुजलेले शेणखत घालावे आणि रोप लावावे. मुळांवर मातीचा जाड भराव टाकू नये आणि बुंध्याला माती लावू नये.

आपल्या धंद्यातल्या लोकांकडे एक फुकटची वस्तू पडून असते, ती इथे कामाला येते. ती म्हणजे जुने तागाचे बारदान. उकललेले बारदान जमिनीवर पसरून कडांना दगड ठेवावेत, ठरलेल्या अंतरावर कात्रीने फुली मारावी आणि त्या छेदातून रोप लावावे. बारदानाखाली तण दबते, ओल टिकते, आणि एक-दोन पावसाळ्यांत ते कुजून मातीत मिसळते, तोवर झाडांची चादर जमलेली असते. प्लॅस्टिकच्या विणलेल्या गोण्या मात्र वापरू नयेत. त्या कुजत नाहीत आणि त्यांचे तुकडे वर्षानुवर्षे मातीत राहतात. रंगवलेल्या चिंध्याही टाकू नयेत.

पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा आणि उन्हाळ्यात माती पाहून जास्त वेळा पाणी द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. दोन पावसाळे खुरपणी चुकवू नये. चादर जमण्याआधी तणाने जागा धरली तर सगळा खर्च वाया जातो.

भिंतीजवळ दीड-दोन फुटांची पट्टी मोकळी ठेवून तिथे खडी टाकावी. भिंतीला ओल आली की गोदामात ओल येते, आणि ओलीमागून वाळवी येते. ज्याच्याकडे कापड आहे त्याला वाळवी म्हणजे काय हे सांगायला नको.

हिशेब

रोपांचे दर गावोगावी वेगळे असतात, म्हणून आम्ही रुपयांचा आकडा देत नाही. हिशेबाची रीत देतो. जागा १० फूट लांब व १० फूट रुंद, म्हणजे १०० चौरस फूट धरा. रोपे दीड फुटावर लावली तर सुमारे ४४ लागतात. एक फुटावर १००. नऊ इंचांवर सुमारे १७८. सहा इंचांवर ४००. अंतर निम्मे केले की रोपे दुप्पट लागत नाहीत, चौपट लागतात. कोटेशन करताना नवखा माणूस नेमका इथेच चुकतो.

झपाट्याने पसरणारी झेब्रिना किंवा मंडूकपर्णी एक फुटावर लावली तरी चालते. सावकाश वाढणारे ओफियोपोगॉन सहा इंचांपेक्षा लांब लावले तर मालकाला वर्षभर मातीच दिसेल.

ज्याला घाई नाही त्याने सगळी रोपे विकत घेऊच नयेत. झेब्रिनाची २५ रोपे घ्यावीत. ती वाढली की प्रत्येकापासून चार कांड्या काढल्या तर १०० कांड्या झाल्या. बोटभर कांडी, दोन-तीन पेरी, खालचे पान काढून ओल्या मातीत टोचावी. पावसाळ्यात सावलीत ठेवली तर साधारण तीन-चार आठवड्यांत मूळ धरते.

धंदा म्हणून पाहिले तर

इमारतींच्या सोसायट्या, दवाखाने, शाळा, लग्नाचे हॉल, कारखाने, कब्रस्तान, सगळीकडे झाडाखालची जमीन उघडी आहे. आपल्यातील ज्या तरुणांना मोठे भांडवल नाही पण हातात हुन्नर आहे, त्यांना हे काम जमण्यासारखे आहे. घरामागची चार खाटांची सावलीची जागा, शेणखत, पिशव्या आणि रोजची दोन तासांची मेहनत, इतक्यावर सुरुवात होते. माल मरत नाही, रोज वाढतो.

मात्र लिखापढी पक्की ठेवावी. कोटेशनवर झाडाचे शास्त्रीय नाव, पिशवीचा आकार, रोपातील अंतर, रोपांची संख्या आणि किती दिवसांत जागा झाकली जाईल, हे पाच रकाने असावेत. मेलेली रोपे किती दिवसांपर्यंत बदलून देणार आणि पाणी कोण घालणार, हेही लिहावे. बोलून ठरलेली गोष्ट पैसे देण्याच्या दिवशी आठवत नाही.

सदाफुलीची पाने औषध कंपन्या घेतात असे ऐकून काही जण शेत लावायला निघतात. तो धंदा वेगळा आहे. आधी घेणारा पक्का करावा, दर लेखी घ्यावा आणि मगच पेरणी करावी. अंगणातल्या चार झाडांचा तो सौदा नव्हे.

शेवटी सावधगिरीच्या दोन गोष्टी. खरी विन्का असो की सदाफुली, दोन्हींच्या अंगात तीव्र अल्कलॉइडे आहेत. सिंगोनियम व मनी प्लांट चावले तर तोंडाला आग होते. ज्या आवारात लहान मुले खेळतात किंवा ईदच्या दिवसांत बकरे बांधले जातात, तिथे ही झाडे लावू नयेत. तिथे मंडूकपर्णी बरी. साखर उतरते म्हणून सदाफुलीची पाने चावून खाणारे लोक आपल्यात आहेत. ज्या झाडापासून कर्करोगाचे औषध बनते ते घरच्या घरी मापाशिवाय खाण्याची चीज नाही. डॉक्टरला विचारावे. तसेच दाट झाकणात विंचू-सापाची भीती राहते, म्हणून दारापासून व जाण्यायेण्याच्या वाटेपासून तीन-चार फूट जागा मोकळी ठेवावी आणि झाडे छाटून बुटकी ठेवावीत.

यंदाच्या मृगाआधी वाचकांनी एवढे करावे. आपल्या आवारातल्या झाडाखाली दुपारी उभे राहून सावली पाहावी, फूटपट्टीने जागा मोजावी आणि नर्सरीत जाताना नावाची नव्हे, झाडाची चौकशी करावी. दहा रोपांचा नमुना लावावा. पावसाळ्यानंतर जो माल हिरवा दिसेल, तोच पुढच्या वर्षी मोठ्या प्रमाणात घ्यावा.